स्थापनेची तारीख

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. एका हातात बाजाराची पिशवी, दुसऱ्यात प्लास्टिकच्या कव्हरात घातलेले चार कागद. बुधवार म्हणजे आमच्या गोव्यातल्या डिचोलीचा बाजार. त्याने आधी पिशवीतून चिबूड काढून माझ्या हातात दिलं आणि मग कागद पुढे केले. "टीचर, इतिहासाचो भाग तुमी बरयात."

चिबूड घेतल्यावर नाही म्हणता येत नाही, हे त्याला चौथीत असल्यापासून ठाऊक आहे.

गावातल्या पाच-सहा मुलांनी ठरवलं होतं की डिचोलीची वारसा म्हणून सरकारदरबारी नोंद व्हावी. बाजार, देवळं, नमाजगा, लामगावच्या गुंफा, नव्या सोमवाराचा उत्सव, कुंभारांचं काम, सगळ्याची मिळून एक. त्यासाठी अर्ज. अर्ज इंग्रजीत, रकाने सहा: नाव, हद्द, वैशिष्ट्य, केव्हापासून, झालेला विकास, पुरावे. मी चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, त्यात पोरांचे किती दाखले लिहिले याची गणती नाही. दाखल्यावरही साधारण हेच रकाने असतात. वाटलं, एका संध्याकाळचं काम. चिबूड कापून गूळ-नारळाचा रस घालून खाल्लं आणि पडवीत बसले.

पहिल्याच रकान्यात अडले.

लिहिताना मी 'डिचोली' लिहिते. घरात बोलताना आम्ही 'दिवचल' म्हणतो. जुन्या कागदांत या महालाचं, म्हणजे परगण्याचं, नाव 'भतग्राम' असं येतं. आणि रस्त्यावरच्या पाटीवर रोमी लिपीत जे लिहिलंय ते पोर्तुगिजांनी त्यांच्या कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. त्यांच्या तोंडून ते 'बिशोलीं' असं येत असणार, शेवटचा म फक्त नाकात. आता ते अक्षरं इंग्रजीसारखी वाचून 'बिचोलिम' झालंय. पेडण्याचं 'पेर्नेम', सांखळीचं 'सँक्वेलिम', काणकोणचं 'कॅनाकोना', सगळ्यांची तीच गत. १९६१ च्या १९ डिसेंबरला पोर्तुगीज गेले, पण त्यांची स्पेलिंगं सरकारी नोकरीत कायम झाली. बसस्टँडवर एखादा पाहुणा 'बिचोलिम किधर आया?' विचारतो आणि आमची माणसं हसून 'यही है' सांगतात. कोणाला राग येत नाही. मलाही येत नव्हता, रकाना भरायला बसेपर्यंत.

पुरावे जोडायचे म्हणजे सगळे कागद त्या रोमी नावाचे. म्हणून तेच लिहिलं. पुढे कंसात डिचोली लिहायला गेले तर चौकोन संपला.

नावाचा विषय निघालाच आहे तर एक आडवाट घेते. 'डिचोलकर' नावाची माणसं मला मुंबईत भेटली, सिंधुदुर्गात भेटली. इथे, डिचोलीत, विचारून बघा, फारशी सापडायची नाहीत. गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव लागतच नाही. ते लागतं उठून गेलेल्याला, परमुलखात कोणी 'कुठले तुम्ही?' विचारलं की. गोव्याच्या गाण्याची मोठी नावं आठवून पाहा. केसरबाई केरकर, केरीच्या. दीनानाथ मंगेशकर, मंगेशीचे. मोगूबाई कुर्डीकर, कुर्डीच्या. यातली कुर्डी साळावलीच्या धरणाखाली गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चिखलातून घरांचे जोते आणि देऊळ वर येतं, जुने कुर्डीकर तिथे जाऊन जत्रा करतात, आणि पाऊस लागला की गाव परत पाण्याखाली. केसरबाईंचा आवाज तर १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर तबकडीवर चढून आकाशात गेला, तो अजून चाललाच आहे. सूर्यमालेबाहेर एका बाईचं आडनाव केरी गावावरून पडलेलं आहे, आणि केरीत बस किती वाजता येते हे मात्र फोंड्याच्या स्टँडवर तीनदा विचारावं लागतं.

असो. डिचोलीही जगात एकदा गाजली होती. ती कशामुळे, हे गावातल्या बऱ्याच जणांना आजही माहीत नाही.

२०१३ च्या जानेवारीत बंगळुरूहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मावशे, आपल्या गावात लढाई झाली होती का गो?" मी म्हटलं, कसली? तर म्हणाला, इंटरनेटवर होती, आता काढून टाकली. मग त्याने सगळी हकीकत सांगितली. इंग्रजी विकिपीडियावर २००७ च्या जुलैत कोणीतरी एक लांबलचक लेख लिहिला होता: डिचोलीचा संघर्ष. १६४० ते १६४१ या काळात पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात आमच्या भागात युद्ध पेटलं, आणि शेवटी तह होऊन शांतता झाली. तळटीपा, ग्रंथांची यादी, सगळं जिथल्या तिथे. दोन महिन्यांत त्या लेखाला तिथल्या जाणत्या मंडळींकडून 'चांगला लेख' असा अधिकृत शिक्काही मिळाला. त्याहून वरच्या वर्गात घालायचा प्रयत्न झाला, तिथे तो नापास झाला. पण आधीचा शिक्का काही कोणी काढला नाही. साडेपाच वर्षं तो तसाच होता. २०१२ च्या डिसेंबरात एका चिकित्सक वाचकाने यादीतले ग्रंथ शोधायला घेतले, तर तसे ग्रंथच नव्हते. युद्ध तर नव्हतंच.

मला पहिल्यांदा हसू आलं. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. हा मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत. कुठलं मराठा साम्राज्य आणि कुठलं काय! माझ्या सातवीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरानेही ही चूक पकडली असती. पण त्याला कोण विचारतो?

नंतर मात्र तो लेख माझ्या डोक्यातून जाईना. कोणी लिहिला, का लिहिला, देव जाणे. त्याला डिचोलीच का सापडली? नकाशावर बोट ठेवलं आणि तिथे आम्ही होतो, एवढंच असेल. पण खोटं रचणाऱ्याला एक गोष्ट नेमकी कळली होती. लोकांना काय वाचलं की खरं वाटतं, ती. त्याने युद्धाला सुरुवात दिली, शेवट दिला, मधे दोन बाजू दिल्या आणि अखेरीला तह. कागद जेवढं मागतो तेवढं सगळं. आणि इथे मी, सत्तरीला टेकलेली, याच गावात जन्मलेली, चौथ्या रकान्यासमोर बसून होते: केव्हापासून?

कशाचं केव्हापासून सांगू?

सप्तकोटेश्वराचंच घ्या. गोव्याच्या कदंब राजांचा हा देव. 'सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले' असं ते बिरुद लावत, सोन्याच्या नाण्यांवर त्याचं नाव घालत. देऊळ होतं दिवाडी बेटावर. बहामनींच्या काळात मोडलं, विजयनगरच्या काळात माधव मंत्र्याने पुन्हा उभं केलं, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पुन्हा मोडलं. मग लोकांनी लिंग नदीपलीकडे आमच्या तालुक्यात आणलं, नार्व्याला. तिथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये देऊळ बांधवलं. दारावर शिलालेख आहे. जीर्णोद्धार होऊन २०२३ च्या ११ फेब्रुवारीला ते पुन्हा खुलं झालं. त्या दिवशी मी गर्दीत होते. बातम्यांत सगळीकडे १६६८ आलं. ते बरोबरच आहे, शिलालेख आहे म्हटल्यावर. पण माझ्या शेजारी उभी असलेली म्हातारी बाई नदीकडे, दिवाडीच्या बाजूला तोंड करून हात जोडत होती. म्हणाली, पयलीं थंय नमस्कार. तिची तारीख वेगळी होती.

नमाजगाचंही तसंच. उघड्यावर नमाज पढायची जांभ्या दगडाची ती भिंत आणि पुढची तळी. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८० च्या दशकात संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला आणि काही काळ या भागात राहिला. नमाजगा त्या काळातली असं सांगतात. बापाविरुद्ध उठलेला एक मोगल शहजादा डिचोलीच्या टेकडीवर उभा राहून पश्चिमेला बघतोय, तिकडून गलबत मिळालं तर इराणला जाता येईल असा हिशेब करतोय. ही गोष्ट कोणी रचली असती तर मी म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. पण हा शहजादा खरोखरच १६८७ मध्ये इराणला गेला. त्याच्या डिचोलीवर मात्र कोणी विकिपीडियावर लांबलचक लेख लिहिला नाही.

लईराईचं तर अर्जात बसवताच येत नाही. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, सगळ्या बहिणी. आणि त्यातली एक, मिराबाई, म्हापशाला जाऊन मिलाग्रीस सायबीण झाली. देवळात पूजली जाते ती एक बहीण आणि चर्चमध्ये मेणबत्त्या घेते ती दुसरी, आणि दोघींकडे एकमेकींच्या माणसांची ये-जा. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. मोगरीच्या कळ्यांचा वास, घाम, धूर आणि तळणीवरच्या खाज्यांचा वास एकात एक मिसळलेला असतो. आता विचारा, वैशिष्ट्य: हिंदू की ख्रिस्ती? अर्जात दोन चौकोन आहेत, एकावर खूण करायची आहे.

खाज्यांवरून आठवलं. सरकारी मान्यतेने फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं सोपं असतं आणि ऐकायलाही बरं वाटतं. गोव्याच्या खाज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणीला ते २००९ मध्येच मिळालं होतं. फेणीनंतर खाज्यांपर्यंत यायला सरकारला बारा वर्षं लागली, यावरून आमचा क्रम ओळखावा. बेसनाच्या जाड शेवेला गूळ, आलं, तीळ लावून केलेला हा पदार्थ. जत्रेतून येताना खाजं आणलं नाही तर जत्रेला गेलो होतो हे घरचे मानत नाहीत. खाजेकार मात्र वर्षभर जत्रेमागून जत्रेला फिरतो, रात्री दुकानातच झोपतो, आणि त्याला लोक 'ए खाजेकार' एवढ्याच नावाने ओळखतात. मानांकनानंतर एका ओळखीच्या खाजेकाराने पाकिटावर छापून घेतलं. मी विचारलं, खप वाढला? म्हणाला, "खप तोच, टीचर. पूण चली सांगता, बापूय खाजीं करता म्हूण." त्याची मुलगी कॉलेजात आहे. पूर्वी बाप काय करतो विचारलं की 'बिझनेस' म्हणायची.

एवढ्यासाठीसुद्धा अर्ज भरावा.

मग आला पाचवा रकाना: झालेला विकास. इथे माझं पेन जास्त वेळ थांबलं.

डिचोलीचा विकास म्हणजे खाण. दुसरं काही लिहिलं तर ती थाप होईल. मी लग्न होऊन डिचोलीतल्याच बोर्ड्यात आले तेव्हाही खाणी होत्या, पण २००५ नंतर जे सुरू झालं ते वेगळंच होतं. चीनला लोखंड हवं होतं, हलक्या प्रतीचंही चालत होतं. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या वर खनिज जात होतं. आमच्या रस्त्यावरून ट्रकांची रांग पहाटे सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. वाळत घातलेल्या पांढऱ्या साड्या संध्याकाळी तांबूस व्हायच्या. शाळेतली पोरं खोकत. रस्ता ओलांडून द्यायला मी एक शिपाई मागितला होता, तो कधी मिळाला नाही. मग मीच हात वर करून मधे उभी राहायची. आणि त्याच ट्रकांतले दोन माझ्या धाकट्या दिरांचे होते, बँकेच्या कर्जावर घेतलेले. त्यांच्या पैशांतून आमच्या घराचं नवं छप्पर झालं. धूळ माझ्या साडीवर आणि छप्पर माझ्या डोक्यावर, एकाच खाणीचं. आजही मला त्या दिवसांबद्दल सरळ एक वाक्य बोलता येत नाही.

२०१२ च्या सप्टेंबरात सगळं थांबलं. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, सरकारने खाणी बंद ठेवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. पहिल्या दिवशी सकाळी मी जागी झाले ती शांततेने. इतकी शांतता की नदीपलीकडचा कोंबडा ऐकू आला. दुसऱ्या दिवशीही छान वाटलं. महिन्याभराने दीर जेवायला बसले आणि ताटातला भात तसाच ठेवून उठले, तेव्हा ती शांतता कळायला लागली. ट्रक आंब्याखाली उभे. चाकांखाली गवत, गवतावरून वेल, वेल आरशापर्यंत. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, २०१८ मध्ये ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि पुन्हा बंद. ट्रक शेवटी भंगाराच्या भावाने गेले.

म्हणजे बघा, २०१२ हे एकच वर्ष. सप्टेंबरात आमच्या खाणी बंद झाल्या आणि डिसेंबरात आमचं युद्ध पुसलं गेलं. एक खरं, एक खोटं. गावाला जगात नाव देणारी दोन्ही कामं तीन-चार महिन्यांत आटोपली.

त्यानंतर आमचं नाव सरकारी कागदावर मोठ्या अक्षरांत आलं ते २०२२ च्या डिसेंबरात, खाणींचा नव्याने लिलाव झाला तेव्हा. पहिल्या खाणपट्ट्याचं नावच होतं 'डिचोली ब्लॉक १'. गाव गेलं, ब्लॉक राहिला असं म्हणायचा मोह होतो, पण गाव कुठेही गेलेलं नाही, म्हणूनच तर पंचाईत आहे. घरं, देवळं, तळी पट्ट्याच्या हद्दीबाहेर काढा म्हणून मुळगावचे लोक अजून दाद मागताहेत. अर्जाचा दुसरा रकाना हद्दीचा होता, तो मी तेवढ्यासाठी पेन्सिलीने भरला.

विकासाच्या रकान्यात अखेर काय लिहिलं? 'खनिज उद्योगामुळे तालुक्याची आर्थिक प्रगती झाली.' एवढंच. माझ्या विद्यार्थ्यांच्या निबंधात असलं वाक्य आलं असतं तर मी खाली लाल रेघ मारली असती.

तिसऱ्या रकान्यावर मात्र मी जीव टाकला. वैशिष्ट्य. तिथे मी चवथीच्या आदल्या दिवसांचा बाजार लिहिला, कारण डिचोली मला तिथे पूर्ण दिसते. माटोळीचं सामान घेऊन रानातून बायका येतात. कांगलां, माट्टीची फळं, तोरिंगां, सुपारीचे घड, आंबाडे, निरफणसं. त्यातली कितीतरी फळं कोणी खात नाही, विकत घेऊन फक्त गणपतीच्या डोक्यावर टांगायची. मुंबईहून आलेल्या सुनांना नावं ठाऊक नसतात, मग विकणारी बाईच शिकवते, हे काय, ते कुठल्या झाडाचं, कुठल्या डोंगरावर मिळतं, यंदा कमी का आलं. कुठला डोंगर खाणीत गेला तेही तिच्या तोंडून कळतं, पण ती तक्रार म्हणून सांगत नाही. फक्त भाव वाढवून सांगते. माझ्या शाळेत एवढा इतिहास-भूगोल एका तासात कधी झाला नाही. दोन पानं लिहिली. दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याचा फोन आला, टीचर, दोनशे शब्दांची मर्यादा आहे.

छाटलं. सुनांना काढलं, डोंगर काढला, भाव काढला. 'पारंपरिक बाजारपेठ, स्थानिक वनोपज' उरलं.

चौथा रकाना मी कोराच ठेवला होता. विद्यार्थ्याला म्हटलं, इथे 'अनादि' लिही. तो हसला, बरं म्हणाला. रात्री नवाच्या सुमारास पुन्हा फोन. आता सगळं ऑनलाइन भरत होता. "टीचर, हो रकानो तसोच दवरल्यार फुडें वचना. तारीख जाय. दीस, म्हयनो, वर्स."

मी म्हटलं, घाल १६६८. नार्व्याचा शिलालेख आहे, निदान दगडाचा पुरावा तरी आहे. त्याने प्रयत्न केला. स्क्रीनवरचं कॅलेंडर १९०० च्या मागे जात नव्हतं.

आम्ही दोघं फोनवर गप्प. कदंब गेले, आदिलशाही गेली, अकबर शहजादा गेला. मी क्षणभर त्या २००७ सालच्या अनोळखी लेखकाचा विचार केला, रात्री आपल्या खोलीत एकटा बसून युद्धाची तारीख ठरवणाऱ्या.

"मग घाल," मी म्हटलं, "एक जानेवारी १९००."

त्याने घातली. दहा मिनिटांनी माझ्या मोबाइलवर पोचपावतीचा संदेश आला, कारण संपर्क म्हणून त्याने माझा नंबर दिला होता. चष्मा लावून वाचला. बिचोलिम, स्थापना ०१/०१/१९००, अर्ज स्वीकारला आहे.